आसन येतं, सांगता येत नाही

प्रश्न : मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते, वय ४३. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची 'योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर' ही परीक्षा द्यायची म्हणून २०० तासांचा ऑनलाइन वर्ग लावला आहे. पहाटे साडेपाच ते सात. परीक्षा दहा आठवड्यांवर आली. वर्गात आम्ही चाळीस जण, सरांचं माझ्या चौकटीकडे कधी लक्ष जातं ते कळत नाही. आसनं बरी जमतात. पण परवा सरांनी "आता तुम्ही शिकवा" म्हटलं आणि मी त्रिकोणासनातच अडकले, उजवं-डावं उलटं झालं. संस्कृत दहावीनंतर सुटलं. वज्रासनात उजवा गुडघा दुखतो, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. हे परीक्षकांना सांगावं की गप्प बसावं? घरातली खोली दहा बाय बाराची. उरलेल्या दिवसांत काय करू?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात दुखणं नेमकं सापडलंय. गुडघ्याचं नव्हे, अभ्यासाचं. रोज दीड तास तुम्ही कुणाचं तरी ऐकून आसन करता. त्यानं कान तयार झाले, अंग तयार झालं, जीभ राहिली. परीक्षा मात्र जिभेचीही आहे. लेखी भागात पर्याय निवडायचे प्रश्न असतात आणि प्रात्यक्षिकात दोन वेगळ्या गोष्टी बघतात : तुम्ही आसन कसं करता आणि तेच दुसऱ्याला कसं शिकवता. गुणांचं वजनही लेखीपेक्षा प्रात्यक्षिकाकडे जास्त आहे. ऑनलाइन वर्गातले बरेच जण लेखीच्या वह्या भरत बसतात आणि प्रात्यक्षिकात तोंड उघडायची वेळ आली की घसरतात.

आधी कागदपत्रांचं पाहून घ्या, कारण यात फसगत होते. वर्ग संपल्यावर संस्था देते ते वर्ग पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. बोर्डाचं प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतं. दोन्हींवर 'योग' आणि 'प्रमाणपत्र' हे शब्द असतात म्हणून ती एक होत नाहीत. अमेरिकेतल्या योगा अलायन्सची २००-तासवाली नोंदणी तर तिसरीच गोष्ट. ती त्यांच्याकडे नोंदलेल्या शाळेतून अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर होते, आपल्या सरकारी परीक्षेशी तिचा संबंध नाही. संस्थेला आजच तीन गोष्टी लेखी विचारा. परीक्षेचा अर्ज संस्था भरते की तो तुम्ही स्वतः भरायचा? प्रात्यक्षिक केंद्रावर जाऊन आहे की कॅमेऱ्यासमोर? प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत, आणि प्रात्यक्षिकात मराठीत शिकवलेलं चालेल का? शुल्क आणि गुणांची विभागणी बोर्डाच्या संकेतस्थळावरच्या चालू पत्रकातून उतरवून घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका, त्यातल्या कित्येक जुन्या असतात.

आता उजव्या-डाव्याचं. सर पडद्यावर तुमच्याकडे तोंड करून उभे असतात. त्यांचा उजवा हात तुम्हाला पडद्याच्या डाव्या बाजूला दिसतो. पहाटे साडेपाचला डोळ्यांवर झापड असताना माणूस शब्द ऐकत नाही, चित्राची नक्कल करतो. म्हणजे डावा हात उचलतो. त्यात तुमची स्वतःची चौकट तुम्हाला आरशासारखी उलटी दिसते, सरांना मात्र तुम्ही सरळ दिसता. काही शिक्षक शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी तोंडानं 'उजवा' म्हणत स्वतः डावा उचलतात, काही तसं करत नाहीत. हे तिन्ही प्रकार महिनोन्‌महिने डोक्यात कालवले गेले की शिकवायची वेळ आली की गोंधळ होणारच. उपाय तीन. एक, वर्गात स्वतःची चौकट लपवा. झूममध्ये 'हाइड सेल्फ व्ह्यू' असा पर्याय आहे. दोन, आठवड्यातून दोन दिवस सरांकडे पाठ करून, फक्त आवाजावर वर्ग करा. कुठली सूचना समजली नाही ते वहीत लिहा, कारण तीच सूचना तुम्हालाही नीट देता येत नसणार. तीन, एक पद्धत ठरवा आणि बदलू नका. नुसतं करून दाखवायचं असेल तेव्हा स्वतःचा उजवा तोच उजवा. समोर माणसं बसवून शिकवायचं असेल तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाका, "मी तुमच्या आरशासारखी करणार आहे, मी उजवा म्हटलं की तुम्ही तुमचा उजवा उचला." मग तुम्ही डावा उचललात तरी परीक्षकांना ते चूक वाटत नाही.

त्रिकोणासन घेऊ, तुम्ही तिथेच अडकलात म्हणून. कॉमन योग प्रोटोकॉल म्हणजे आयुष मंत्रालयानं ठरवून दिलेला आसनक्रम. त्यातली कृती अशी : दोन्ही पायांत सोयीचं अंतर घेऊन उभं राहायचं. हात बाजूंनी खांद्यांच्या रेषेत वर. उजवं पाऊल उजवीकडे वळवायचं. श्वास सोडत उजव्या बाजूला झुकायचं, उजवा हात उजव्या पावलाच्या मागे टेकवायचा, डावा हात सरळ वर, उजव्याच्या रेषेत. डावा तळवा पुढे. मान वळवून नजर डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकावर. श्वसन सामान्य ठेवून थांबायचं, श्वास घेत वर यायचं, मग दुसरी बाजू.

ऑनलाइन शिकणाऱ्यांचं इथं एक ठरलेलं चुकतं आणि ते सरांना दिसत नाही. कॅमेरा समोर असतो. तुम्ही बाजूला झुकण्याऐवजी कमरेतून पुढे वाकलात, नितंब मागे गेले, वरचा खांदा पुढे पडला, तर समोरून चित्र जवळपास तसंच दिसतं. हात जमिनीला टेकलेला बघून सर "छान" म्हणतात. केंद्रावर परीक्षक बाजूनं फिरतात तेव्हा पहिल्यांदा ते उघडं पडतं. म्हणून भिंतीला पाठ करून उभं राहा, टाचा भिंतीपासून चार बोटांवर ठेवा. झुकल्यावर नितंब आणि दोन्ही खांदे भिंतीला लागलेच पाहिजेत. मग हात जमिनीपर्यंत जाणार नाही, पोटरीपर्यंत जाईल. जाऊ दे. पोटरीवर हात आणि सरळ छाती हे वाकडं होऊन जमीन गाठण्यापेक्षा कधीही चांगलं. गुडघा वाकवून हात टेकवणं ही दुसरी चूक. ती मात्र समोरूनही दिसते.

हे सगळं बोलायचं कसं, तर प्रत्येक आसनाला एकच साचा वापरा : नाव आणि त्याचा अर्थ, कोणत्या स्थितीतलं आसन (दंड म्हणजे उभ्यानं, बैठक म्हणजे बसून, विपरीत शयन म्हणजे पालथ्यानं की शयन म्हणजे उताण्यानं), पूर्वस्थिती, कुणी करू नये, कृती श्वासासकट, अंतिम स्थितीत तपासायच्या दोन गोष्टी, आसन सोडणं, शेवटी लाभ. 'कुणी करू नये' हे कृतीच्या आधीच यायला हवं. बहुतेक जण ते लाभांच्या पाठोपाठ सांगतात. तोवर समोरचा सायटिकावाला त्रिकोणासनात वाकलेला असतो. त्रिकोणासनासाठी सायटिका, मणक्यातली सरकलेली चकती आणि पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया ही तीन नावं पुरेत.

वाक्यांच्या रचनेकडेही लक्ष द्या. "उजवा हात पावलामागे ठेवा, श्वास सोडा" असं म्हटलं तर ऐकणारा आधी श्वास रोखून वाकतो, मग सोडतो. श्वास वाक्याच्या सुरुवातीला यायला हवा : "श्वास सोडत, उजवीकडे झुका." एका वाक्यात एकच हालचाल. आणि "करायचंय", "घ्यायचंय", "आणायचंय" असली लांबलचक क्रियापदं टाळा. "झुका", "थांबा", "वर या" म्हणा. पालथं झाल्यावर बोलणं अवघड जातं, हे आधीच माहीत असू द्या. मकरासनात तोंड हातांवर टेकलेलं, आवाज चटईत जातो. म्हणून पालथ्या आसनांच्या सूचना बसल्या जागी आधी द्यायच्या आणि मग करून दाखवायचं.

यासाठी समोर जिवंत माणसं हवीत. घरचे हसतात, त्यांना सोडा. शेजारच्या किंवा ओळखीच्या दोघी बघा, एक साठीच्या आसपासची असेल तर उत्तम, कारण तिचा गुडघा वाकणार नाही आणि तुम्हाला तिथल्या तिथे बदल सुचवावा लागेल. आठवड्याला तीन दिवस, प्रत्येक वेळी पाऊण तास. संपूर्ण प्रोटोकॉल ४५ मिनिटांचाच आहे. तुम्ही स्वतः आसन न करता फक्त तोंडानं शिकवायचं. त्या दोघी चुकल्या तर तो दोष तुमच्या वाक्याचा धरा, त्यांचा नव्हे.

खोली दहा बाय बाराची आहे म्हणता, ती पुरते. प्रात्यक्षिक कॅमेऱ्यासमोर असेल किंवा नुसतं स्वतःचं चित्रण करायचं असेल, तर फोन आडवा, कमरेच्या उंचीच्या स्टुलावर, चटईपासून आठ-दहा फुटांवर ठेवा. ताडासनात वर ताणलेले हात आणि जमिनीवरचे पाय दोन्ही चौकटीत यायला एवढं अंतर लागतं. सरळ जागा नसेल तर खोलीच्या कोपऱ्यात फोन आणि चटई तिरकी. झोपून करायच्या आसनांत चटई कॅमेऱ्याला आडवी हवी, पाय कॅमेऱ्याकडे करून झोपलात तर सेतुबंधासनात फक्त तळवे दिसतात. खिडकी पाठीमागे नको, माणूस काळी सावली होऊन बसतो. सैल सलवार नको, गुडघा सरळ आहे की वाकलाय ते दिसत नाही. चित्रण एकदा समोरून, एकदा बाजूनं. आणि ते बघताना एकदा आवाज बंद ठेवून बघा, एकदा पडद्याकडे न बघता नुसता आवाज ऐका. दोन्ही वेळा वेगळ्या चुका सापडतील.

प्रोटोकॉलचा क्रम पाठ हवाच. प्रार्थना, चालनक्रिया (सांधे मोकळे करणाऱ्या हालचाली), मग उभ्यानं ताडासन, वृक्षासन, पादहस्तासन, अर्धचक्रासन, त्रिकोणासन. बसून भद्रासन, वज्रासन, अर्धउष्ट्रासन, उष्ट्रासन, शशांकासन, उत्तानमंडूकासन, वक्रासन. पालथ्यानं मकरासन, भुजंगासन, शलभासन. उताण्यानं सेतुबंधासन, उत्तानपादासन, अर्धहलासन, पवनमुक्तासन, शवासन. मग कपालभाती, नाडीशोधन, शीतली, भ्रामरी, ध्यान, संकल्प, शांतिपाठ. यात तर्क आहे, तो धरला की घोकावं लागत नाही : पादहस्तासनात पुढे वाकलो की अर्धचक्रासनात मागे, उष्ट्रासनात मागे गेलो की शशांकासनात पुढे.

एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना हमखास नडते. पुण्या-सांगलीकडे अनेकांनी आधी अय्यंगार पद्धतीचा वर्ग केलेला असतो. तिथं ताडासन म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून सरळ उभं राहणं. प्रोटोकॉलमधलं ताडासन वेगळं : बोटं एकमेकांत गुंफून हात वर, आणि टाचाही वर उचलायच्या. कोणतं बरोबर हा वाद परीक्षा झाल्यावर घाला. या परीक्षेत प्रोटोकॉलमध्ये दिलं तेच करायचं, आणि परीक्षकांनी विचारलं तर "दुसऱ्या परंपरेत टाचा उचलत नाहीत" एवढं एका वाक्यात सांगायचं.

संस्कृत सुटलं म्हणून घाबरू नका. तुमची खरी अडचण संस्कृत न येणं ही नाही, मराठी येणं ही आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतले कितीतरी शब्द आपण रोज वापरतो, पण वेगळ्या अर्थानं, आणि पर्यायांच्या प्रश्नात नेमका तो मराठी अर्थ एखाद्या पर्यायात बसलेला असतो. 'राग' घ्या. पाच क्लेशांतला, म्हणजे मनाला पीडणाऱ्या पाच दोषांतला, राग म्हणजे संताप नव्हे, सुखाची ओढ, आसक्ती. संतापाच्या जवळ जाणारा शब्द तिथं 'द्वेष' आहे. 'अभिनिवेश' आपण तावातावानं बोलण्याला म्हणतो. सूत्रात तो जगण्याला चिकटून राहणं, मृत्यूचं भय. 'अस्मिता' म्हणजे मराठी अस्मिता नव्हे, तर पाहणारा आणि पाहण्याचं साधन एकच समजण्याची चूक. 'प्रमाण' म्हणजे मोजमाप नव्हे, खरं ज्ञान मिळण्याचा मार्ग : प्रत्यक्ष, अनुमान, आगम. 'विकल्प' म्हणजे पर्याय नव्हे, ज्यामागे वस्तूच नाही असं नुसत्या शब्दांवर उभं राहिलेलं ज्ञान. 'प्रमाद' म्हणजे हातून झालेली चूक नव्हे, साधनेतली बेफिकिरी. आणि 'उपेक्षा' : मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चौकडीतली उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष करून हिणवणं नव्हे, वाईटाबद्दल मन तटस्थ ठेवणं. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या ग्रंथात तर 'प्रयास' हा साधनेत आड येणाऱ्या सहा गोष्टींपैकी एक आहे! तिथं त्याचा अर्थ अंगाला झेपणार नाही इतकी ओढाताण. वहीच्या डाव्या रकान्यात शब्द, मधल्या रकान्यात रोजचा मराठी अर्थ, उजव्या रकान्यात ग्रंथातला अर्थ, असे पंचवीस-तीस शब्द लिहून काढा. आमच्या मते लेखीच्या तयारीत या वहीइतकं फळ दुसरं काही देत नाही.

मग आकडे आणि फरक. योगसूत्रांचे चार पाद : समाधी ५१ सूत्रं, साधन ५५, विभूती ५५ किंवा ५६ (आवृत्तीनुसार), कैवल्य ३४; म्हणून एकूण १९५ किंवा १९६. चित्तवृत्ती पाच, क्लेश पाच, अंतराय (साधनेतले अडथळे) नऊ. क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध या पाच चित्तभूमी सूत्रांत नाहीत, त्या सूत्रांवरच्या व्यासभाष्यात आहेत. अष्टांगातले यम पाच, हठप्रदीपिकेतले दहा. हठप्रदीपिकेत चार उपदेश (प्रकरणं), १५ आसनं, आठ कुंभक (प्राणायामाचे प्रकार). घेरंडसंहिता या हठयोगाच्या दुसऱ्या ग्रंथात सात अंगं, ३२ आसनं, २५ मुद्रा. घेरंडातही कुंभक आठच, पण यादी तीच नाही : हठप्रदीपिकेतले सीत्कारी आणि प्लाविनी तिथं नाहीत, त्यांच्या जागी सहित आणि केवली आहेत. षट्कर्मं दोन्हीकडे सहाच : धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती. म्हणजे ग्रंथांनुसार कपालभाती ही शुद्धिक्रिया आहे, प्राणायाम नव्हे. टीव्हीमुळे उलटं बिंबलंय. कपालभातीत श्वास सोडणं जोरकस आणि घेणं आपोआप. भस्त्रिकेत दोन्ही जोरकस.

गीतेतली दोन वाक्यं हमखास अदलाबदल होतात : 'समत्वं योग उच्यते' दुसऱ्या अध्यायातला ४८वा श्लोक, 'योगः कर्मसु कौशलम्' ५०वा. पंचकोश तैत्तिरीय उपनिषदातले. आधुनिक काळातून महाराष्ट्रातल्या तीन नोंदी तुम्हाला सहज लक्षात राहतील : मुंबईत श्री योगेंद्रांनी १९१८ मध्ये सुरू केलेली द योग इन्स्टिट्यूट, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांचं १९२४चं कैवल्यधाम, आणि पुण्यातली बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था, १९७५. आंतरराष्ट्रीय योग दिनाचा ठराव संयुक्त राष्ट्रांत ११ डिसेंबर २०१४ला झाला, पहिला दिन २१ जून २०१५. शरीरशास्त्राचं फार खोलात जाऊ नका. मणक्यांची मोजणी (मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५), श्वासपटलाचं काम आणि पचन, श्वसन, रक्ताभिसरण या संस्थांचा ढोबळ आराखडा एवढं पक्कं करा.

उच्चाराचं एक. 'ज्ञ' आपण 'द्न्य' असा म्हणतो, हिंदीभाषक 'ग्य'. परीक्षक हिंदीभाषक असले तरी उच्चार बदलायला जाऊ नका, मध्येच जीभ अडखळते ते जास्त वाईट दिसतं. प्रार्थनेतलं 'संगच्छध्वं' मात्र नीट म्हणा; 'संगच्छत्वं' असं म्हणणारे फार.

आता गुडघा आणि गोळी. सांगा, लपवू नका, आणि आसन सुरू करण्यापूर्वी सांगा. ज्याला दुसऱ्यांना 'तुम्ही हे करू नका' असं सांगायचंय त्यानं स्वतःच्या बाबतीत ते गुंडाळून ठेवणं बरं दिसत नाही, आणि धोक्याचंही आहे. त्याआधी डॉक्टरांना भेटा आणि नुसतं "योग करू का" असं विचारू नका. ते "करा" म्हणतील. नावं घेऊन विचारा : कपालभाती, श्वास रोखणं, पादहस्तासनासारखं डोकं खाली जाणारं आसन, शलभासन. उत्तर कागदावर घ्या. उच्च रक्तदाब, हृदयविकार, चक्कर आणि हर्निया असलेल्यांनी कपालभाती टाळावी असं प्रोटोकॉलमध्येच आहे, तेव्हा डॉक्टर नको म्हणाले तर परीक्षकांना कागद दाखवून कृती तोंडी सांगण्याची परवानगी मागा. अर्ज भरतानाच संस्थेमार्फत कळवलं तर आणखी चांगलं.

वज्रासनात गुडघा दुखतो त्याची कारणं बहुधा दोन. घोट्याच्या पुढचा भाग ताठ असेल तर पाऊल सपाट होत नाही आणि सगळा ताण वर गुडघ्यात जातो. अशा वेळी घोट्याखाली टॉवेलची वळकटी द्या. मांडीचा पुढचा स्नायू आखडलेला असेल तर नितंब टाचांपर्यंत पोचत नाहीत. मग टाचा आणि नितंब यांच्यामध्ये उशी घ्या. कोणत्या बदलानं दुखणं कमी होतं ते तीन-चार दिवस वेगवेगळं करून बघा. आत, सांध्यात टोचल्यासारखं दुखत असेल किंवा सूज असेल तर वज्रासन सोडा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. शिकवताना हीच वळकटी, हीच उशी तुमच्या कामी येईल. चाळिशीपुढच्या वर्गात दर दुसरा माणूस तीच तक्रार घेऊन येतो.

वर्गात जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, पडद्यावरून शिकवत असतील तर थोडी काळजी. नळाचं पाणी थेट वापरायचं नाही. उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर, त्यात चहाच्या सपाट चमच्यापेक्षा किंचित कमी बारीक मीठ. मीठ कमी पडलं किंवा जास्त झालं की नाक झोंबतं. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच फुंकर मारत पाणी काढायचं. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे ढकललं जातं आणि दिवसभर दडे बसतात. पहिली वेळ शक्यतो जाणत्या माणसासमोर करा.

दहा आठवड्यांची वाटणी नोकरी सांभाळून अशी बसते. पहिले दोन आठवडे पहाटेचा वर्ग चालू द्या, रात्री अर्धा तास फक्त प्रोटोकॉलचा क्रम आणि प्रत्येक आसनाचं 'कुणी करू नये'. तिसऱ्यापासून शेजारणींना बोलवा. रोज एकच आसन साच्यात बसवून मोठ्यानं बोला, चित्रण आठवड्यातून एकदाच. शब्दांची वही दुपारच्या डब्याच्या वेळी, पाच-सहा शब्द. सातव्या आठवड्यापर्यंत सगळी आसनं तोंडी यायला हवीत, नाही आली तर वर्गातला एक दिवस सोडून तो वेळ बोलण्याला द्या. सरांना वाईट वाटेल, चालेल. आठवा आणि नववा आठवडा चिठ्ठ्यांचा : आसनांची नावं डब्यात घाला, घरातल्या कुणाला तरी एक उचलायला सांगा, आणि घड्याळ लावून तीन मिनिटांत ते शिकवा. दहाव्या आठवड्यात नवीन काही वाचू नका, गुडघ्याला विश्रांती द्या, वेळेवर झोपा.

सरांचं लक्ष जात नाही त्याला एक सोपी युक्ती आहे. चाळीस चौकटींत "सर, माझं बघा" म्हणून उपयोग नसतो. बाजूनं काढलेलं वीस सेकंदांचं चित्रण पाठवा आणि त्यासोबत एकच नेमका प्रश्न : "त्रिकोणासनात माझा वरचा खांदा पुढे येतोय का?" अशा प्रश्नाला उत्तर येतं. "कसं वाटतंय" असं विचारलं की अंगठा येतो.

परीक्षेच्या दिवशी पोट हलकं ठेवा, प्रात्यक्षिकाच्या तीन तास आधी जेवण उरका, गोळी नेहमीच्या वेळी घ्या. केंद्रावर असेल तर स्वतःची चटई, वळकटीचा टॉवेल, डॉक्टरांचा कागद, ओळखपत्र. कॅमेऱ्यासमोर असेल तर फोन शंभर टक्के चार्ज आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला आणखी एक फोन हाताशी, कारण सकाळी वीज गेली की वायफायही जातं. आणि शिकवताना मध्येच पुढचं काही आठवेनासं झालं तर थांबून "सॉरी" म्हणू नका. "श्वसन सामान्य ठेवा, चेहरा सैल सोडा, अंगात कुठे नको तो ताण आहे का ते मनानं तपासा" म्हणा. अंतिम स्थितीत हे वाक्य नेहमीच योग्य असतं, आणि तेवढ्या दहा सेकंदांत आसन सोडायची कृती जिभेवर येते.